नहपानाच्या चेहऱ्यावर सातकर्णीचा ठसा: जोगळटेंभीच्या नाण्यांचे प्रकरण

दारणा नदी जिथे गोदावरीला मिळते, तिथे सिन्नर तालुक्यात जोगळटेंभी नावाचे गाव आहे. 1906 साली या गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडीथोडकी नव्हे, 13,250 च्या आसपास नाणी. एकेक नाणे साधारण दोन ग्रॅमचे, म्हणजे पंचवीस किलोहून जास्त चांदी झाली. एवढ्या मोठ्या साठ्यात नावे मात्र इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दोनच राजांची: शकांच्या क्षहरात घराण्यातला नहपान आणि त्याचा पाडाव करणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्यातही चांदी सगळी मुळात नहपानाचीच. त्याच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारून घेतला. उरलेली चार हजारांच्या आसपास नाणी नहपानाच्या वेळी होती तशीच राहिली.

सत्तांतर चिमटीत धरून पाहता यावे, असे हे प्रकरण आहे. नाणे ही राजाची जाहिरात असते, असे आपण सहज म्हणून जातो. पण जाहिरात म्हटली की कोण, कोणाला, काय सांगतो आहे हे विचारावे लागते. ज्याला सांगितले त्याने ते मनावर घेतले का, हेही विचारावे लागते. जोगळटेंभीच्या नाण्यांना हे सगळे प्रश्न विचारता येतात, कारण दिवसाभराच्या चालीवर नाशिकची पांडवलेणी आहेत आणि त्यांच्या भिंतींवर या दोन्ही घराण्यांचे लेख आहेत. नाणे जे दोन-तीन शब्दांत म्हणते, तेच लेख ओळीच्या ओळी सांगतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की नाण्याचे बोलणे नीट कळते.

माझे मत आधीच सांगते. गौतमीपुत्राला नहपान पुसून टाकायचा नव्हता. त्याला नहपानाची चांदी हवी होती, त्या चांदीवर बाजाराचा बसलेला विश्वास हवा होता, आणि आता त्या विश्वासाचा धनी कोण हे दाखवायचे होते. त्यासाठी खालचा चेहरा अर्धवट दिसत राहणे त्याच्या पथ्यावरच पडणारे होते.

नहपानाचे नाणे

आधी खालचे नाणे पाहू. आकाराने करंगळीच्या पेराएवढे. पुढच्या बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा, डोक्याभोवती बांधलेली पट्टी, खाली उतरणारे केस, आणि कडेने गोल फिरवलेली ग्रीक अक्षरे. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत मजकूर. लिप्या तीन, मजकूर एकच: ‘राञो क्षहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात राजा नहपानाचे. गंमत वाटावी अशी गोष्ट ही की ग्रीक अक्षरांत ग्रीक भाषा नाही. तिथेही हेच प्राकृत शब्द ग्रीक वळणात जसेच्या तसे उतरवले आहेत. नाणे हातात घेणाऱ्या ग्रीक खलाशाला अक्षरे लावता आली असती, अर्थ लागला नसता.

मग ती अक्षरे हवीत कशाला? उत्तर गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात आहे. पेरिप्लस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक भाषेतल्या व्यापारी माहितीपुस्तकात लिहिले आहे की भडोचमध्ये अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात. मिनँडर नहपानाच्या खूप आधी होऊन गेला. त्याचे राज्य गेले, घराणे गेले, नाणी मात्र बाजारात टिकली. चांदीचे चांगले नाणे म्हणजे चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, ही सवय पेठेच्या डोळ्याला तेव्हापासून लागलेली होती. नहपानाने ती सवय उचलली. ग्रीक अक्षरे वाचण्यासाठी नव्हतीच, ओळखीसाठी होती. खरोष्ठी ही त्याच्या लोकांची वायव्येकडून आणलेली लिपी. ब्राह्मी ही इथली. एका पेराएवढ्या चकतीवर समुद्र, वायव्य आणि दख्खन असे तिन्ही बसवले आहेत.

आणखी एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. शिलालेखांत नहपान ‘क्षत्रप’ आहे. नाशिकच्या लेखांत तो क्षत्रप, तर 46 व्या वर्षाच्या जुन्नरच्या लेखात, जो अयम नावाच्या त्याच्या अमात्याचा आहे, तो महाक्षत्रप झालेला दिसतो. क्षत्रप म्हणजे मुळात कोणाच्या तरी वतीने प्रांत सांभाळणारा अधिकारी. चांदीच्या नाण्यावर मात्र हा शब्द नाही. तिथे तो फक्त राजा आहे. लेण्यात जे पद अभिमानाने कोरले, ते बाजारात जाणाऱ्या नाण्यावरून गाळले. जागा कमी होती म्हणून गाळले, असे म्हणावे तर ‘क्षहरात’ हे घराण्याचे नाव मात्र तिन्ही लिप्यांत ठेवले आहे. घराणे सांगायचे होते, कोणाचे ताबेदार आहोत हे सांगायचे नव्हते.

चेहऱ्यांचीही एक गोष्ट आहे. रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा अभ्यासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याची हकिगत लिहिली. त्यांच्या लक्षात आले की नाव एकच असले तरी चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. काही तरुण, काही उतारवयातले. कुठे नाक बाकदार, कुठे सरळ. चेहरा कुठे भरलेला, कुठे उतरलेला. हे घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांचे चेहरे असावेत, असा तर्क स्कॉट यांनी केला. मला ते पटत नाही. नहपानाची कारकीर्द लांबली, ठसे अनेक कारागिरांनी कोरले, आणि कारागिरासमोर राजा थोडाच बसत होता? ‘राजाचा चेहरा’ असणे पुरेसे होते, तो हुबेहूब असण्याची कोणाला गरज नव्हती. आजही आपण नोट घेताना चेहरा आहे का ते पाहतो, चेहऱ्याची नाकडोळ्यांशी पडताळणी करत नाही.

हे नाणे घेणारे कोण होते

प्रचार कोणासाठी, याचे उत्तर पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात आहे. नहपानाचा जावई उषवदात, दीनिकाचा मुलगा आणि दक्षमित्रेचा नवरा, त्याने हे लेणे कोरवले. तो नुसते लेणे देऊन थांबला नाही. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने 3,000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दिले आणि ते गोवर्धनच्या, म्हणजे आजच्या नाशिकजवळच्या, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे 2,000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1,000, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे.

हिशेब करून पाहा. 2,000 वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला 240. लेखात म्हटले आहे की वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, द्यावेत. वीस बारे 240. पै न पै जुळते. ही नोंद निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवली आणि रीतीप्रमाणे दप्तरात फलकावर लिहून घेतली, असेही त्याच लेखात आहे. त्याच ठिकाणी दुसरा एक हिशेब आहे: देवब्राह्मणांना दिलेले 70,000 कार्षापण, 35 कार्षापणांचा एक सुवर्ण (सोन्याचे नाणे) या दराने 2,000 सुवर्ण.

हा लेख वाचला की जोगळटेंभीच्या साठ्याचे मोल अंगावर येते. इथला कार्षापण म्हणजे नहपानाचे हेच नाणे धरले, तर त्या एका साठ्यात अकराशे भिक्षूंच्या वर्षभराच्या चीवराचे पैसे होते. आणि हेही उमगते की नाण्याचा ‘वाचक’ कोण होता. व्याजाचा दर ठरवणारी विणकरांची श्रेणी, निगमसभेतले महाजन, सुवर्णाचा भाव सांगणारे सराफ, वर्षाचे बारा कार्षापण मोजून घेणारा भिक्षू, पगार घेणारा शिपाई. पैसा रोज हाताळणारी, हिशेब ठेवणारी माणसे. अशा माणसांना नव्या राजाने काय सांगावे? ‘मी शूर आहे’ हे सांगून त्यांचे काही होत नाही. त्यांना हवे असते एकच आश्वासन: तुमच्या गाठीचा पैसा बुडणार नाही.

घणाचा एक घाव

गौतमीपुत्राने जिंकले तेव्हा गोवर्धन, मावळ, सोपारा, भडोच या सगळ्या पट्ट्यात नहपानाची चांदी पसरलेली होती. सातवाहनांचा स्वतःचा चलनव्यवहार तोवर मुख्यतः शिसे, तांबे आणि पोटीन नावाच्या मिश्र धातूचा. त्यावर हत्ती, सिंह, बैल असत. चांदीचा चेहऱ्याचा पैसा ही त्यांची परंपरा नव्हती. हाती आलेल्या या चांदीचे करायचे काय, हा राज्यकारभाराचा खरा प्रश्न होता.

एक वाट वितळवण्याची. चांदी गोळा करा, मुशीत घाला, घट सोसा, नव्या चकत्या पाडा, वजन सारखे करा, मग ठसा मारा. दुसरी वाट आहे त्या नाण्यावरच ठसा मारण्याची. नाणे तापवा, खालच्या ठशावर ठेवा, वरचा ठसा धरा आणि घण घाला. वजन आधीच बरोबर आहे, चांदीचा कस आधीच माहीत आहे. हजारो नाणी थोड्या माणसांत आणि थोड्या दिवसांत उरकतात. राजाने दुसरी वाट धरली. मोहिमेवरच्या सैन्याचे पगार थांबत नसतात, हे ध्यानात घेतले तर निवड समजण्याजोगी आहे.

आता वरचा ठसा. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, खाली नदीसारखी नागमोडी रेघ, आणि भोवती ब्राह्मीत ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. दुसऱ्या बाजूला ज्याला अभ्यासक उज्जैन चिन्ह म्हणतात ते: अधिकचिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे. ग्रीक नाही, खरोष्ठी नाही. चेहरा नाही. लिपी एकच, इथली.

अशा नाण्याचे मोठे केलेले छायाचित्र समोर ठेवून मी पुष्कळ वेळ घालवला आहे. पहिल्यांदा सगळा गोंधळच दिसतो. टेकडीच्या कमानी दिसतात, पण मधल्या कमानीतून एक उंचवटा बाहेर येतो. नाणे थोडे फिरवले की उलगडते, ते नहपानाचे नाक आहे. नागमोडी रेघ हनुवटीवरून गेली आहे. कडेला ‘सातकणिस’ची अक्षरे आहेत आणि त्यांच्या पायात पाय अडकल्यासारखी दोन-तीन ग्रीक अक्षरे. मागच्या बाजूला उज्जैन चिन्हाच्या दोन वर्तुळांमधून बाणाचे टोक वर आले आहे. एकदा नजर बसली की दोन्ही राजे एकाच वेळी दिसतात, आणि मग एकाला सोडून दुसऱ्याला पाहताच येत नाही.

हे नाइलाजाने झाले, असे कोणी म्हणेल. एका घावात जुना उठाव पूर्ण बसत नाही, हे खरेच. पण जुने चित्र काढून टाकण्याची युक्ती त्या काळाला अवघड नव्हती. ठसा मारण्याआधी नाणे घणाने सपाट करून घेता येते, कानस मारता येते. याच सुमाराच्या दुसऱ्या एका प्रकरणात तसे केलेले दिसते. इसवी सन 132 ते 135 मध्ये यहुदी लोकांनी बार कोखबाच्या नेतृत्वाखाली रोमविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांनीही रोमन नाण्यांवरच आपले ठसे मारले. पण त्यांच्या तांब्याच्या नाण्यांवर आधी कानस फिरवून घेतलेली आढळते. तिथे बादशहाचा चेहरा डोळ्यांसमोर नको होता, कारण तो चेहरा धर्माला आणि मनाला दोन्हीला खुपत होता. जोगळटेंभीच्या नाण्यांवर असा तिरस्कार दिसत नाही. चेहरा जितका उरला तितका उरू दिला आहे.

तेच गाव, तेच भिक्षू, नवे नाव

माझ्या म्हणण्याला खरा आधार मिळतो तो लेण्यांतल्या आज्ञापत्रांत. उषवदाताने कार्ल्याच्या, तेव्हाच्या वलूरकच्या, भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिले होते. तसा त्याचा लेख कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. गौतमीपुत्र जिंकला. शत्रूच्या जावयाने दिलेले दान रद्द करणे त्याला सहज शक्य होते. त्याने काय केले? अठराव्या राज्यवर्षात मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला आज्ञा पाठवली की करजिक गाव वलूरकच्या भिक्षूंना दिले आहे. गाव तेच, भिक्षू तेच, लेणेही तेच. बदलले ते देणाऱ्याचे नाव.

त्याच अठराव्या वर्षी नाशिकला दुसरी आज्ञा आली. ती विजयी सैन्याच्या छावणीतून निघाली आहे आणि गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला उद्देशून आहे. पश्चिम काखडी गावातले 200 निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत, जे आजवर उषवदात उपभोगत होता, ते त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्या, डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावे. यात ‘उषवदात’ हे नाव मुद्दाम आले आहे. शेत कोणते हे सांगायला सीमा सांगता आल्या असत्या. पण शेत त्याचे होते, आता मी देतो आहे, हे त्या नावाशिवाय सांगता येत नाही.

मला इथे नाण्यावरचा ठसा आणि भिंतीवरची आज्ञा एकाच हाताचे काम वाटते. दोन्हीकडे जुनी वस्तू मोडलेली नाही. दोन्हीकडे जुन्या धन्याचे नाव अर्धे दिसत ठेवले आहे. दोन्हीकडे त्यावर नवे नाव बसवले आहे. दोन्हीचे म्हणणे एकच: तुमचे व्यवहार चालू राहतील, आता माझ्या नावाने.

या आज्ञेची पुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, त्याच भिंतीवर आणखी एक आज्ञा कोरली गेली. ती राजा आणि राजमाता या दोघांच्या वतीने अमात्य श्यामकाला आहे. आम्ही दिलेले ते शेत कसले जात नाही, ते गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या शिवेवरच्या आमच्या राजकीय शेतातली 100 निवर्तने त्याऐवजी द्यावीत. कसणारे हात नाहीत, गाव ओस पडले आहे. लढायांनी काय झाले होते, त्याची ही एका ओळीतली साक्ष आहे. दिलेला शब्द नुसता कोरून भागत नाही, तो पाळावा लागतो, हे त्या राजाला आणि त्याच्या आईला कळत होते. नाण्यावरच्या ठशामागे उभा असलेला कारभार असा होता.

‘निरवशेष’

आता दुसऱ्या टोकाचा प्रचार. तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख. मुलगा जाऊन नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी गादीवर आहे, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी आजीने हा लेख कोरवला आणि आपल्या मुलाचे गुण सांगितले. सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखा त्याचा चेहरा. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. शक, यवन, पहलवांचा त्याने संहार केला. आणि मग ते प्रसिद्ध विशेषण: ‘खखरातवसनिरवसेसकरस’, क्षहरात वंश निरवशेष करणारा. त्याला लागूनच ‘सातवाहनकुलयसपतिथापनकरस’, सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापणारा.

निरवशेष म्हणजे काहीही मागे न ठेवता. पण त्याच राजाच्या टांकसाळीतून निघालेल्या हजारो नाण्यांवर क्षहरातांचा अवशेष उरलेलाच आहे. नाव आहे, नाक आहे, बाण आहे. लेख एक म्हणतो आणि नाणे दुसरे. यात कोणी खोटे बोलत नाही. दोघांचे ऐकणारे वेगळे आहेत. लेख डोंगरावर आहे, आईने कोरवला आहे, तो कुळासाठी, धर्मासाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी आहे. तिथे शत्रू उरता कामा नये. नाणे गोवर्धनच्या पेठेत जाणार, तिथे शत्रूची चांदी उरणेच महत्त्वाचे.

नाण्याने इतिहासाचा एक वादही मिटवला. लेखात क्षहरात वंश आहे, उषवदात आहे, पण गौतमीपुत्राने प्रत्यक्ष नहपानालाच हरवले, की नहपानानंतरच्या कोणाला, हे लेख सांगत नाही. जोगळटेंभीला नहपानानंतरच्या कोणत्याही क्षहरात राजाचे नाणे निघाले नाही. थेट नहपान आणि त्यावर गौतमीपुत्र. मधे कोणी नाही.

आणि त्या नाण्यावरही आई आहेच. ‘गोतमिपुतस’. चेहरा नाही, पदव्यांची माळ नाही, पण आईचे गोत्रनाम आहे. क्षत्रपांच्या पुढच्या पिढ्या नाण्यांवर बापाचे नाव घालत राहिल्या, अमुकाचा मुलगा तमुक. सातवाहनांनी आईचे घातले. एका नाण्याच्या कडेवर जेमतेम बसणाऱ्या अक्षरांत कोणते नाव राहू द्यायचे याची निवड करावी लागते. त्यांची निवड ही होती.

उरलेली चार हजार

साठ्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा न छापलेला आहे, ही गोष्ट बहुतेक जण घाईने ओलांडतात. मला ती सगळ्यांत बोलकी वाटते. ज्याने कोणी ही नाणी साठवली, त्याने छापलेली आणि न छापलेली एकत्र ठेवली. वेगळी काढली नाहीत. न छापलेली नाणी टाकाऊ झाली असती तर ती छापून घ्यायला टांकसाळ होती, वितळवायला सोनार होता. ठेवणाऱ्याच्या लेखी दोन्हींची चांदी सारखीच होती.

म्हणजे राजाचा प्रचार पोचला नाही का? पोचला, पण जिथे पोचायला हवा होता तिथे. कर भरताना, सैनिकाला पगार देताना, श्रेणीत ठेव ठेवताना टेकडीचा ठसा म्हणजे ‘हे नाणे सरकार स्वीकारते’ अशी खूण झाली. घरात पुरून ठेवताना त्या खुणेची गरज नव्हती. प्रचार म्हटले की आपल्याला लोकांची मने वळवणे आठवते. इथे मने वळवण्याआधी हिशेब वळवला गेला.

आपल्या अलीकडच्या इतिहासात याचेच उलटे उदाहरण आहे. पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीतून अंकुशी रुपया निघत असे. वर फारसीत मोगल बादशहाचे नाव, आणि कडेला एक छोटा अंकुश. दिल्लीचा बादशहा तेव्हा नावापुरता उरला होता, सत्ता मराठ्यांची होती. तरी नाव बादशहाचेच राहिले, कारण बाजार त्या नावाला सरावलेला होता. गौतमीपुत्राने आपले नाव वर घेतले, पुण्याने नुसती खूण घेतली. बाजाराची सवय मोडायची नाही, हे भान दोघांनाही होते.

ठशांची अदलाबदल

पुढच्या पन्नास-शंभर वर्षांत जे झाले, ते नहपान आणि गौतमीपुत्र दोघांनाही चकित करून गेले असते. क्षहरात संपले, पण गुजरात-माळव्यात चष्टनाचे दुसरे क्षत्रप घराणे उभे राहिले. चष्टनाने आपल्या चांदीच्या नाण्यावर चेहरा ठेवला, आणि मागे बाण-वज्राऐवजी आणली ती तीन कमानींची टेकडी, खाली नदीची रेघ, वर चंद्र आणि सूर्य. जी टेकडी नहपानाच्या नाकावर मारली गेली होती, ती आता शकांच्याच नाण्यावर आली आणि पुढे कित्येक पिढ्या तिथेच राहिली. शेवटी गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्याने हे क्षत्रप संपवले, तेव्हा त्यानेही चेहऱ्याची पद्धत मोडली नाही. मागची टेकडी काढून गरुड बसवला. पुढच्या बाजूच्या कडेला तोवर ग्रीक अक्षरांचे नुसते फटकारे उरले होते. तेही त्याच्या कारागिरांनी तसेच ठेवले.

इकडे सातवाहनांनी शत्रूचा चेहरा उचलला. चष्टनाचा नातू रुद्रदामन जुनागढच्या लेखात म्हणतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा उघड युद्धात जिंकले, पण जवळच्या नात्यामुळे नष्ट केले नाही. ते नाते कान्हेरीच्या लेखात सापडते: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी होती. आणि गौतमीपुत्राच्या पुढच्या पिढीपासून, पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी, यज्ञ सातकर्णी या राजांची चांदीची नाणी पाहिली, तर एका बाजूला उजवीकडे पाहणारा चेहरा आहे. ग्रीक अक्षरे मात्र घेतली नाहीत. एका बाजूला प्राकृत मजकूर, दुसऱ्या बाजूला तोच मजकूर दक्षिणेच्या बोलीत, राजाच्या नावाआधी ‘तिरु’ लावून. नहपानाने तीन लिप्यांत एक भाषा लिहिली होती, यांनी एका लिपीत दोन भाषा लिहिल्या. त्याचे तोंड समुद्राकडे आणि वायव्येकडे होते, यांचे पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे.

1882 साली भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, ज्याला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणत. आतल्या ठेव्यात यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्या राजाच्या चांदीच्या नाण्यांवर मागे टेकडी आणि उज्जैन चिन्ह शेजारी शेजारी बसलेले असतात, कोणाच्याही चेहऱ्यावर न पडता. पुढे राजाचा चेहरा असतो, नहपानाच्या नाण्यावर असायचा तसाच, उजवीकडे पाहणारा.